पांढरी शाई

फोटोपेपरची शाई धरणारी बाजू कुठली, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. बोटाचं टोक किंचित ओलं करायचं आणि कागदाच्या कोपऱ्याला लावायचं. बोट जिथे चिकटल्यासारखं होतं, ती बाजू छापायची. तिथे पाणी ओढून घेणारा लेप असतो. चुकून उलट्या बाजूला छापलं तर शाई फाकते आणि माणसं धुक्यात उभी असल्यासारखी दिसतात. चकचकीत कागदाचं हे नुसतं बघूनही कळतं, पण मी मॅट कागद वापरते आणि पावसाळी दिवसाच्या मळभात त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून दर वेळी बोट ओलं करते, कोपऱ्याला लावते आणि कागदाची ती बारीकशी ओढ बोटाला लागली की मगच प्रिंटरमध्ये घालते.

पाणी आणि कागद यांचं आमच्या चिपळूणला फारसं पटत नाही. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठी नदी घरात आली तेव्हा फोटोंचे अल्बम कपाटाच्या तळच्या कप्प्यात होते. त्यातले काही गेले, बरेच वाचले. पाणी ओसरल्यावर दादानं भिंतीवर खुणेची रेघ ओढली आणि उरलेले अल्बम त्या रेघेच्या दोन हात वरच्या फळीवर ठेवले. सोळा वर्षं ते तिथे निर्धास्त होते. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरातलं पाणी ती रेघ बुडवून, फळी बुडवून, माडीच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबलं. आई, मी आणि दादाची माणसं माडीवर. खाली अंधारात भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. फोटोंची आठवण त्या रात्री कुणालाच झाली नाही.

ओल्या फोटोंचं काय करावं हे मला नंतर कळलं. चिकटलेले फोटो तसेच वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, पाण्यातच एकेक सोडवायचे, धुवायचे आणि तोंड वर करून सावलीत पसरायचे. जुने कृष्णधवल फोटो पाण्यातच जन्मलेले असतात. डेव्हलपर, हायपो, मग तासभर वाहत्या पाण्याखाली. त्यांचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं आणि ते कण जिलेटिनच्या थरात धरलेले असतात. ते जिलेटिन पाण्यानं फुगतं, मऊ पडतं, पण वेळीच धुऊन वाळवलं तर पुन्हा बसतं. म्हणजे आमचे सगळ्यांत जुने फोटो सगळ्यांत सहज वाचले असते. फक्त स्वच्छ पाणी हवं होतं, आणि त्या आठवड्यात गावात सगळीकडे पाणीच पाणी झालेलं असूनही स्वच्छ पाणी प्यायला मिळत नव्हतं. टँकरच्या रांगेत मिळालेल्या कळशीतलं पाणी कुणी फोटोंवर ओतत नाही. पाचव्या दिवशी गाळातून अल्बम हाती लागले तेव्हा काळ्या पानांचा चिखल झाला होता. प्लास्टिकच्या कप्प्यांतले नव्वद सालानंतरचे रंगीत फोटो एकमेकांत मुरून एकेक वीट झाले होते. वीट फोडली की रंग एका कागदावरून सुटून दुसऱ्याच्या पाठीला लागलेले. बिस्किटाच्या डब्यातल्या निगेटिव्हची एकच गुंडाळी झाली होती. दादा ते सगळं फावड्यानं बाहेर काढत होता. मी त्याला थांबवलं नाही. घरात चार इंच गाळ होता.

राहिलं ते भाच्याच्या मोबाइलमुळे. २०१८ च्या दिवाळीत तो इथे आला होता. एका संध्याकाळी आईला मांडीशी अल्बम घेऊन बसवून त्यानं पानांचे फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. एकेका पानाचा एकेक, घाईघाईनं, ट्यूबलाइटच्या उजेडात, मधूनच फ्लॅश उडवत. त्याचा तो मोबाइल पुढे बिघडला, मूळ फोटो गेले. ग्रुपवर पाठवताना आकसलेल्या प्रती तेवढ्या आम्हा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये राहिल्या. एकतीस पानं. घरातल्या साठ वर्षांची तेवढीच शिल्लक.

ती कागदावर यावी असं आईला वाटत होतं. मोबाइलवर तिला नीट दिसत नाही. बोटानं मोठं करायला गेली की चित्र भलतीकडे सरकतं, आणि माणसं हातातून निसटल्यासारखी तिची चिडचिड होते. स्टुडिओत द्यावं असं दादा म्हणाला. मी नको म्हटलं. बाबा गेले तेव्हा तेराव्याला लावायला त्यांचा फोटो एका स्टुडिओत मोठा करायला दिला होता. सहलीच्या फोटोतून चेहरा उचलून त्यांनी खाली कोट-टाय बसवला, मागे आकाशी रंग भरला, गालाची कातडी गुळगुळीत केली आणि हनुवटीवरची चामखीळ पुसून टाकली. कामात मन लावलं होतं. पण बाबांनी जन्मात कोट घातला नाही, आणि दाढी करताना ती चामखीळ चुकवायला ते जीभ गालात घालून हनुवटी वर करायचे, ते मी लहानपणी रोज ओट्यावर बसून पाहिलेलं आहे. बारा वर्षं त्या कोटातल्या गृहस्थांना हार घातला. मनातून एकदाही त्यांना बाबा म्हणता आलं नाही.

म्हणून घरीच छापायचं ठरवलं. टाकीत बाटलीनं शाई भरायचा प्रिंटर घरात होता, मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्या विद्येबद्दल मला आदर आहे. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. त्यातला थॉमस डार्करूमचं काम शिकला होता तो घराच्या तळघरात, वडिलांच्या हाताखाली. एन्लार्जरच्या उजेडात हाताची सावली धरून एखादा चेहरा उजळ ठेवायचा किंवा एखादा कोपरा गडद करायचा, ही डार्करूमची जुनी हातोटी त्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या जुन्या नावांनिशी उतरली आहे. पण बाबांच्या कोटानं माझ्या मनात धसका बसवला होता. जे साधन काहीही बदलू शकतं, ते हाती आलं की कुठे थांबायचं, हे आधी ठरवावं लागतं. माझ्याकडे होतं ते एवढंच: मोबाइलच्या गॅलरीतली कात्री, उजेड कमी-जास्त करायची पट्टी, कॉम्प्युटरवर वर्ड, आणि छापण्याआधी प्रिंटर स्वतःची जी चौकट उघडतो ती.

पहिला छापला तो मागच्या परसातला गट. डोंबिवलीच्या मामानं काढलेला. मामाकडे अग्फाचा क्लिक-थ्री होता. त्यात १२० चा रोल घालायचा, बारा चौकोनी फोटो निघायचे. या फोटोत आजी खुर्चीत बसली आहे, मागे बाबा आणि काका, शेजारी आई. एका कडेला मोठी काकू, आणि तिच्यापुढे मी, दोनेक वर्षांची, झबल्यात. काकूचा हात माझ्या खांद्यावर आहे. काकू मी चार वर्षांची असतानाच गेली. अल्बममधला तिचा हा एकच फोटो. आईला नीट दिसावा म्हणून मी तो ए-फोर कागदभर केला.

बाहेर आलं ते पाहवेना. चेहऱ्यांच्या जागी करडे डाग, खुर्चीच्या पायांना पायऱ्या पडलेल्या. आणि माझ्या खांद्यावर चौकोनांचा एक ढीग.

मग वहीत हिशोब मांडला. आकसलेल्या प्रतीत अख्खं पान १२०० बाय १६०० ठिपक्यांचं. पानावर चार फोटो आणि भोवती काळा कागद, म्हणजे एका फोटोच्या वाट्याला जेमतेम ५०० बाय ५०० ठिपके. डोळ्यांजवळ धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके मिळाले तर उत्तम, दोनशेच्या वर असले तरी चालून जातं. चार बाय सहाच्या फोटोला १२०० बाय १८०० लागतात, आजचा कुठलाही मोबाइल त्याच्या कितीतरी पट देतो. पण माझे पाचशे ठिपके ए-फोरच्या रुंदीवर ताणले की इंचाला साठच उरतात. काकूचा हात त्या चित्रात रुंदीला दहा-बारा ठिपके आहे. तो मोठा केला की हात मोठा होत नाही, ठिपके मोठे होतात.

जगातला पहिला डिजिटल फोटो याहून बारीक होता. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या इंजिनिअरनं आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो आपल्या चमूनं बनवलेल्या स्कॅनरवर लावला आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवला. १७६ बाय १७६ ठिपके, नुसते काळे आणि पांढरे. बाळाचे डोळे आणि तोंड ओळखू येतं. मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटलं. ते चित्र कॅमेऱ्यातून आलं नव्हतं, कागदावरच्या फोटोवरून उचललेलं होतं, आणि तो कागद होता पाच सेंटिमीटर चौरसाचा. भाच्यानं दिवाळीच्या संध्याकाळी जे केलं तेच एका बापानं साठेक वर्षं आधी केलं होतं. माझ्याकडे त्याच्याहून बाजूला जवळजवळ तिप्पट ठिपके होते. मला कागद तेवढा त्याच्या मापाचा घ्यायचा होता.

आणि माप कुठे शोधायला जायची गरजच नव्हती. क्लिक-थ्रीच्या रोलवरून त्या काळी पुष्कळदा कॉन्टॅक्ट काढत. निगेटिव्ह कागदावर टेकवून, न वाढवता, जेवढी फिल्म तेवढाच फोटो. सव्वादोन इंच चौरस. अल्बमच्या काळ्या पानावर चार कोपऱ्यांत बसलेले ते फोटो तेवढेच होते, माझ्या बोटांना तो आकार अजून आठवतो. वर्डमध्ये चित्र घातलं, रुंदी ५.७ सेंटिमीटर लिहिली आणि छापलं. इंचाला सव्वादोनशेच्या आसपास ठिपके बसले. चेहरे परत आले. आजीच्या नाकातली नथ आली. खांद्यावरचा चौकोनांचा ढीग पुन्हा हात झाला, बोटं किंचित वाकलेली, लहान मुलाला पुढे ढकलताना असतात तशी. मी तो कागद पडवीत घेऊन गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

त्यानंतर कामाला लय आली. प्रिंटरच्या चौकटीत बिनकाठाची छपाई आपोआप निवडलेली असते, ती काढून टाकली. कड राहू नये म्हणून प्रिंटर त्यात चित्र थोडं फुगवतो आणि चहूबाजूंनी कापतो. आमच्या फोटोंत कडेला पुष्कळ माणसं आहेत. दारातून डोकावणारा गडी, घागर घेऊन निघालेली कुणी, कुत्र्याचं शेपूट. कापायला फालतू असं त्यात मला काही सापडेना. पांढरा काठ ठेवला, जुन्या फोटोंना असायचा तसा. चित्र आपोआप सुधारण्याची खूणही काढली. ती असली की सावलीतली माणसं उगाच उजळ होतात आणि भर दुपारचं ऊन मावळतीचं वाटू लागतं.

उजेडाशी मात्र झगडावं लागलं. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागदाला कुणीतरी दुसऱ्यानं प्रकाश द्यावा लागतो. मोबाइलवर छान दिसणारा फोटो म्हणूनच कागदावर काळवंडून येतो, आणि जितका मोबाइल जास्त प्रखर ठेवावा तितका कागद जास्त फसवतो. आधी पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणला. मग एकाच कागदावर एक फोटो सहा वेळा छापला, प्रत्येकाचा उजेड आधीच्याहून थोडा वाढवत, खाली पेन्सिलीनं आकडे. डार्करूममध्ये कागदाच्या पट्टीवर पायरीपायरीनं उजेड देऊन बघायचे, त्याचाच हा घरगुती प्रकार. बहुतेक वेळा चौथा बरोबर निघायचा. दुसरा घोळ करड्या रंगाचा. चार शायांच्या प्रिंटरवर फिकट करडा बरेचदा सायन, मजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातून येतो. ट्यूबखाली नितळ वाटलेला फोटो सकाळी पडवीत आणला तर हिरवट निघायचा. ‘ग्रेस्केल’वर खूण केल्यावर प्रिंटर मुख्यतः काळ्या शाईवर काम भागवू लागला आणि हिरवट झाक गेली. तेव्हापासून कुठलाही फोटो दिवसाउजेडी, पडवीत पाहिल्याशिवाय पसंत करायचा नाही असं ठरवून टाकलं.

हे करता करता माजघराच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दोन तऱ्हांची चित्रं असायची. देवांच्या तसबिरी आणि पूर्वजांचे फोटो. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडांवरून, एकेका रंगाला एकेक दगड घेऊन, एकावर एक छापत लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेल्या. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी त्या छापखान्यासाठी काम केलं होतं. देव असे शाईचे होते. आजोबा-पणजोबा मात्र चांदीचे, त्यांच्या अंगावर पडलेल्या उजेडानंच काळ्या पडलेल्या चांदीचे. आता आजोबाही शाईनंच येतात. माझ्या प्रिंटरच्या रंगीत शाईवर पाण्याचा थेंब पडला तर ती ओघळते, जुन्या चांदीएवढी ती पाण्याला टिकणारी नाही. हे मी आईपासून लपवलं नाही. प्रत्येक फोटोच्या चार प्रती काढायच्या आणि पुणे, डोंबिवली, रत्नागिरीला एकेक पाठवायची, हे तिनंच ठरवलं. एका नदीच्या काठी सगळं ठेवायचं नाही म्हणाली.

काकूचा चेहरा मी अजून सांगितलेला नाही. परसातल्या त्या फोटोवर भाच्याचा फ्लॅश नेमका काकूच्या तोंडावर चकाकला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरा गोल. खाली पदर, कोपर, माझ्या खांद्यावरचा हात, सगळं स्पष्ट. वर काही नाही.

भाच्याला हे फार लागलं होतं. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, “आत्या, आता चेहरा भरून देणारी अ‍ॅप आलीत. माझ्यामुळे गेलंय, मीच करतो.” मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “येत असेल तर कर की रे. बघू तरी.” त्यानं मोबाइलवर केलं. मिनिटभरात पांढऱ्या गोलात एक चेहरा आला. तरुण, रेखीव, मोठ्या डोळ्यांचा, अंगावर पडलेल्या उन्हाशी बरोबर जुळणारा. जोड कुठे आहे ते दिसतसुद्धा नव्हतं. आईनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

“कोण ही?”

भाचा गप्प झाला. आई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “चांगलं केलंयस हो तू. पण वहिनींचा चेहरा असा गोल नव्हता. लांबट होता, गालाची हाडं वर आलेली. आणि डोळे बारीक. हसल्या की मिटायचेच.” मग ती बोलतच राहिली. नाकात चमकी होती, डाव्या बाजूला, तिचा खडा पडला होता आणि नवा बसवायचा राहूनच गेला. कपाळावर देवीचे दोन वण. फोटो काढताना मामा “हसा” म्हणाला तेव्हा काकू हसली नाही. त्या दिवशी दाढ दुखत होती, तोंडात लवंग धरली होती. पन्नास वर्षांत आईनं यातलं काही मला सांगितलं नव्हतं. काकूचा फोटो होता तोवर आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं.

प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. चित्रात पांढरं असेल तिथे तो काही टाकत नाही, कागद तसाच सोडतो. परसातला तो फोटो मी भाच्यानं पाठवला तसाच छापला, ५.७ सेंटिमीटर, ग्रेस्केल, चौथा उजेड. भोवती सगळीकडे बारीक काळे कण पसरलेले आणि त्या एका गोलात कोरा कागद. बोट फिरवलं तर तिथे नुसता लेप लागतो, ज्या लेपाची खूण बघायला मी बोट ओलं केलं होतं तोच.

पावसात प्रिंट वाळायला वेळ लागतो. हाताला कोरडी वाटली तरी आतून ओली असते. लगेच काचेआड किंवा प्लास्टिकमध्ये घातली तर आतून वाफ धरते. मी प्रिंट दिवसभर डायनिंग टेबलावर पसरून ठेवते, मग बटर पेपर घालून जाड पुस्तकाखाली. पुरात गेलेल्या फोटोंच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात नावं होती. भाच्यानं पाठी टिपल्या नव्हत्या, कुणीच टिपत नाही. म्हणून आता मी पाठी लिहिते. बॉलपेन उमटून पुढे वळ येतो, म्हणून मऊ पेन्सिल. आई सांगते, मी लिहिते.

परसाच्या फोटोला बसलो तेव्हा संध्याकाळ होती. आईनं प्रिंट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या पांढऱ्यावर करंगळी ठेवून डावीकडून सुरुवात केली. आजी. बाबा. काका. स्वतःचं नाव सांगताना म्हणाली, “मी.” मग करंगळी उचलली.

“वहिनी लिही. त्यांचं पूर्ण नाव लिही, माहेरचंसुद्धा. चमकी डाव्या बाजूला. दाढ दुखत होती तेही लिही.”

“एवढं मावेल का गं?”

“बारीक लिही.”

मी बारीक लिहिलं. साल विचारलं तर ती घुटमळली. मी चालायला लागले होते म्हणजे बहात्तर, पण परसात फणसाचं झाड छाटलेलं दिसतंय म्हणजे त्र्याहत्तर. “मे महिना नक्की. साल मामाला विचारून लिही, त्याला आठवेल, कॅमेरा त्याचा होता.” मी मे लिहिलं, पुढे चार आकड्यांपुरती जागा सोडली आणि प्रिंट तोंड वर करून बटर पेपरवर ठेवली. बाहेर पुन्हा सर आली होती. दादा खिडकीतून नदीकडे बघून आला आणि म्हणाला, “अजून पुष्कळ खाली आहे.”